पेसनोट्स: १८० च्या वेगात शेजारच्या सीटवरून नेमकं काय वाचलं जातं?

गारगोटी (धागालेखक)

फॉर्म्युला वनच्या धाग्यावर एकाने विचारलं होतं, "रॅलीत शेजारी बसणारा माणूस वहीच तर वाचतो, त्याला चालकाइतकाच करंडक कशाला?" तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

सर्किटवर चालक तेच वळण सराव, पात्रता फेरी आणि शर्यत मिळून शंभरेक वेळा घेतो. रॅलीत ही चैन नाही. जंगलातला किंवा शेतांमधला दहा, वीस, तीस किलोमीटरचा रस्ता वाहतुकीला बंद करतात आणि त्यावर ठरावीक अंतराने एकेक गाडी सोडतात. ही झाली स्टेज. जागतिक रॅलीत अशा पंधरा-वीस स्टेज तीन-चार दिवसांत उरकायच्या असतात. त्याआधी प्रत्येक जोडीला रेकी करू देतात: साध्या गाडीतून, आखून दिलेल्या वेगमर्यादेत, प्रत्येक स्टेजवरून फक्त दोनदा. पहिल्या फेरीत चालक रस्ता बघत बोलत जातो आणि शेजारी बसणारा को-ड्रायव्हर पेन्सिलने खुणांच्या लिपीत उतरवून घेतो. दुसऱ्या फेरीत को-ड्रायव्हर तेच वाचून दाखवतो आणि चालक दुरुस्त्या सांगतो. त्या वहीतला मजकूर म्हणजे पेसनोट्स.

एक नमुन्याची ओळ मराठीत करून देतो:

सहा उजवं उंचवट्यावरून, डावीकडे धर, ऐंशी, पाच डावं लांब, पुढे आवळतं, कापू नको.

आकडा वळणाचा. बऱ्याच जणांच्या पद्धतीत एक म्हणजे अगदी आखूड वळण आणि सहा म्हणजे जवळजवळ सरळ. काही जण नेमकं उलट मोजतात, काही फ्रेंच चालक वळणाचे अंश सांगतात. ऐंशी हे पुढच्या वळणापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये. 'आवळतं' म्हणजे सुरुवातीला सोपं दिसणारं वळण शेवटी घट्ट होतं. 'कापू नको' म्हणजे आतल्या कडेला दगड, चर किंवा बुंधा आहे, चाक आत टाकू नकोस.

आता गणित बघा. ताशी १८० किमी म्हणजे सेकंदाला ५० मीटर. वरची ओळ भरभर वाचली तरी तीन-चार सेकंद जातात, तोवर गाडी दीडशे-दोनशे मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे को-ड्रायव्हर ज्या वळणाबद्दल बोलतोय ते चालकाला अजून दिसतच नाही. कान पुढच्या वळणात असतात आणि हात मघाशी ऐकलेल्या वळणात.

माझं म्हणणं असं, की पेसनोट्स हे रस्त्याचं वर्णन नाहीच. चालकाने हळू जाताना, डोकं शांत असताना घेतलेला निर्णय आहे आणि तो त्याला पूर्ण वेगात परत ऐकवला जातो. वळणावळणाच्या हळू स्टेजवर अंदाज थोडा हुकला तर डोळे सावरून घेतात. वेगवान स्टेजवर डोळ्यांना तेवढा वेळच मिळत नाही. जाणकारांनी भर घालावी.

---

चिंचवडी_निखिल

मस्त धागा. एक बाळबोध शंका. आमच्या कंपनीतले लोक दर पावसाळ्यात टीएसडी रॅलीला जातात, त्यात पण शेजारचा माणूस कागद वाचून रस्ता सांगतो. तेच का हे?

---

नाशिकचा_नॅव्ही

नाही भाऊ, दोन्ही अगदी वेगळे खेळ.

टीएसडी म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. तिथे रस्ता वाहतुकीला खुला असतो, आयोजकांनी सरासरी वेग ठरवून दिलेला असतो, आणि ठरलेल्या वेळेच्या आधी पोचलात तरी दंड, नंतर पोचलात तरी दंड. हातात असतं ते रोडबुक. त्यात टुलिप म्हणजे चौकाचौकाची छोटी चित्रं असतात: गोळ्यातून आत या, बाणाकडे बाहेर पडा, इतके किलोमीटर झाले. ते सगळ्यांना सारखं मिळतं आणि कुठे वळायचं एवढंच सांगतं.

स्पीड रॅलीत पण रोडबुक असतं, पण ते एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजपर्यंत खुल्या रस्त्याने जायला. स्टेजच्या आत रस्ता चुकायची सोय नसते, फाटे टेप लावून बंद केलेले असतात. तिथे प्रश्न एकच, हे वळण किती जोरात. त्याचं उत्तर ज्याचं त्याने लिहायचं. माझ्या चालकाची वही दुसऱ्या चालकाला दिली तर तो पहिल्या किलोमीटरला शेतात.

आमच्याकडे नाशिकला राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतली रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची तेव्हा या खेळाशी ओळख झाली. आधी मार्शल (स्टेजच्या कडेला सुरक्षेवर नजर ठेवणारा) म्हणून उभा राहिलो, मग हळूहळू उजव्या सीटवरून डाव्या सीटवर आलो. (आपल्याकडे को-ड्रायव्हर डावीकडे.) सविस्तर रात्री लिहितो, आत्ता दुकानात आहे.

---

लेकाकाठी

मी गेली काही वर्षं फिनलंडमध्ये राहते. नवऱ्यामुळे या नादाला लागले आणि आता तोच मागे राहिलाय. वेगवान स्टेज म्हटलं की रॅली फिनलंडचं नाव आधी घ्यावं लागेल, म्हणून इथला रस्ता कसा असतो ते सांगते.

यवास्क्युला शहराच्या भोवती जंगल, तळी आणि मातीचे रस्ते आहेत. मातीचे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर खड्डे येतात, ते विसरा. हे रस्ते रुंद, कडक, बारीक खडीचे, नीट घोटलेले असतात. अडचण त्यांच्या लाटांची. हिमयुगात बर्फाने घासलेल्या टेकाडांवरून रस्ता थेट नेलेला, त्यामुळे तो सारखा वरखाली होतो, आणि बहुतेक वळणं नेमकी उंचवट्याच्या माथ्यावर किंवा त्याच्या पलीकडे लपलेली. चालकाला समोर दिसतं ते आभाळ आणि झाडांचे शेंडे.

२०१६ साली क्रिस मीक आणि पॉल नेगल ही रॅली जिंकले तेव्हा त्यांचा सरासरी वेग ताशी १२६.६ किमी होता, तोवरच्या जागतिक रॅलींमधला सर्वाधिक. २०२५ मध्ये कॅले रोवानपेरा आणि योन्ने हाल्टुनेन यांनी तो मोडला, सरासरी जवळपास १३० वर गेली. सरासरी बरं का, त्यात शहरातली तंग वळणंही आली आणि हेअरपिनही (गाडी जवळजवळ उलट फिरवणारी वळणं).

सगळ्यांत नावाजलेली स्टेज आउनिनपोह्या. पूर्ण लांबीची धावली तर सुमारे ३३ किमी, आणि ही मंडळी ती पंधरा मिनिटांच्या आसपास संपवतात. त्या पंधरा मिनिटांत को-ड्रायव्हर जवळजवळ श्वास न घेता बोलत असतो. तिथल्या पिवळ्या घराजवळच्या उडीपाशी गर्दी असते. २००३ मध्ये एस्टोनियाचा मार्को मार्टिन आणि त्याचा ब्रिटिश को-ड्रायव्हर मायकेल पार्क यांनी आउनिनपोह्यावर ताशी १७१ किमी वेगाने घेतलेली ५७ मीटरची उडी इथले लोक अजून सांगतात.

उडीची नोट हा वेगळाच प्रकार असतो. "उडी" एवढं लिहून भागत नाही. गाडी हवेत गेली की स्टिअरिंग, ब्रेक, काहीच कामाचं नाही. त्यामुळे जमीन सोडताना गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे आणि तिचं तोंड कुठे आहे, हे आधीच ठरलेलं लागतं. माथ्यापलीकडे रस्ता डावीकडे वळत असेल तर डावं वळण माथ्याच्या अलीकडेच सुरू करायचं, म्हणजे जे वळण दिसत नाही त्यासाठी आधी वळायचं. माथ्यावर घाबरून पाय उचलला की नाक खाली जातं आणि गाडी नाकावर उतरते. म्हणून वेग कमी करायचाच असेल तर तो कुठे, हेसुद्धा वहीतच.

---

सदाशिवपेठी_शंका

हे सगळं ठीक. पण आता प्रत्येक स्टेजचे गाडीतून काढलेले व्हिडिओ मिळतात. त्याच त्या स्टेज दरवर्षी येतात. ही व्यावसायिक मंडळी, घरी बसून रस्ता पाठ करतील की. फिनिश पोरं तर त्याच रस्त्यांवर वाढलेली. मग वहीचं एवढं कौतुक कशाला? शोभेची परंपरा वाटते.

---

जुनी_फियाट

शंकेखोर, तुमचा मुद्दा निम्मा बरोबर आहे. पाठांतराचा फायदा होतोच. या रॅलीचं जुनं नाव थाउजंड लेक्स, आणि कित्येक वर्षं ती नॉर्डिक देशांबाहेरच्या कुणाला जिंकता येत नव्हती. १९९० मध्ये स्पेनचा कार्लोस साइन्झ आणि लुईस मोया यांनी टोयोटा सेलिकातून ती जिंकली, तेव्हा पहिल्यांदा तो गड पडला. पण कसा पडला ते बघा. साइन्झ काही त्या जंगलात वाढला नव्हता. त्या काळी रेकीवर आजच्यासारखं दोन फेऱ्यांचं बंधन नव्हतं, त्याने रस्ता पुन्हा पुन्हा घासला आणि वही पक्की केली. स्थानिक माहितीला वहीने दिलेलं उत्तर होतं ते.

उलट टोकाचं उदाहरण ब्रिटनच्या आरएसी रॅलीचं. तिथे ऐंशीच्या दशकात जंगलातल्या स्टेजची रेकी करायलाच बंदी होती. को-ड्रायव्हरकडे फार तर नकाशा. त्या रॅलीत समोर दिसेल तसं चालवणारे चालक वेगळे ठरायचे. म्हणजे नोट्सशिवाय रॅली होते, झालेली आहे. पण तो वेगळा खेळ आणि त्याचा वेग वेगळा.

आणि परंपरेचंच म्हणाल तर तिचं मूळ रॅलीत नाही, रस्त्यावरच्या शर्यतीत आहे. १९५५ ची मिल्ले मिलिया: इटलीत ब्रेशाहून रोमला आणि परत, साधारण १६०० किमी, खुल्या गावांमधून. स्टर्लिंग मॉस मर्सिडीज ३०० एसएलआर चालवत होता, गाडीचा क्रमांक ७२२, कारण सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी ती सुटली. शेजारी डेनिस जेन्किन्सन, दाढीवाला बुटका पत्रकार. त्या दोघांनी आधी रस्ता पालथा घालून नोंदी केल्या आणि जेन्किन्सनने त्या कागदाच्या एका लांबलचक पट्टीवर उतरवून अॅल्युमिनियमच्या डबीत गुंडाळल्या. पारदर्शक खिडकीतून एकेक ओळ वर सरकवायची. इंटरकॉम त्यांनी करून पाहिला होता, पण त्याने भागलं नाही. तेव्हा ठरवून ठेवलेले हातवारे करायचे. जेन्किन्सन मध्येच ओकला, त्यात चष्मा वाऱ्यावर उडाला, दुसरा खिशात होता म्हणून वाचले. दहा तास सात मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद, सरासरी ताशी सुमारे १५७ किमी. जिंकले.

मॉस आंधळ्या उंचवट्यांवरून पाय न उचलता गेला, कारण पलीकडे रस्ता सरळ आहे हे जेन्किन्सनच्या हाताने सांगितलं होतं. त्या शर्यतीत बाकीच्यांना हे करता आलं नाही. याला शोभा म्हणत असाल तर म्हणा बुवा.

---

पिंपळपान

जुनी_फियाट +१. चष्म्याचा किस्सा माहीत नव्हता.

---

नाशिकचा_नॅव्ही

दुकान बंद करून बसलो. आता "नुसतं वाचतो" या विषयावर.

वाचता कुणालाही येतं. अवघड आहे ते कधी वाचायचं. लवकर वाचलं तर चालकाच्या डोक्यात दोन वळणं जास्त साठतात आणि तो गोंधळतो. उशिरा वाचलं तर वळण येऊन ठेपलं. क्रिकेटमध्ये नॉन-स्ट्रायकरने धावेला दिलेला कॉल असतो ना, शब्द तोच असतो पण अर्ध्या सेकंदाने चुकला की बाद, तसं हे. आणि योग्य वेळ प्रत्येक चालकाची वेगळी. एकाला एक वळण पुढचं लागतं, दुसऱ्याला दोन. त्याच चालकाला हळू भागात जवळून सांगायचं आणि वेगवान भागात लांबून. म्हणजे वाचायचा वेग रस्त्याबरोबर बदलत राहतो.

चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतल्या स्टेज घ्या. अरुंद, झाडांमधून, वळणाला वळण चिकटलेलं. तिथे वही खचाखच भरलेली असते, तोंडाला उसंत नाही, पण वेग कमी. चालक बरंचसं डोळ्यांनी करतो आणि आपण त्याला पुढचं हेअरपिन कुठल्या बाजूला एवढी पक्की खात्री देतो. मोकळ्या वेगवान स्टेजवर शब्द कमी होतात. "सहा उजवं, शंभर, सहा डावं, दीडशे." ऐकायला सोपं. पण त्या दीडशेनंतर जर "चार डावं" असेल तर ते शंभर मीटर आधी नव्हे, त्याच्याही आधी कानात पडलं पाहिजे, कारण ब्रेक तिथूनच सुरू होतो. वेगवान स्टेजवर सगळ्यांत धोक्याचं वळण आखूड नसतं, मोठ्या सरळ रस्त्यानंतर येणारं मध्यम असतं. तिथे वहीत मोठं उद्गारचिन्ह, आणि आवाजही बदलायचा. मी तरी बदलतो. काही चालकांना आवाज चढवलेला खपत नाही, त्यांना आकाशवाणीच्या बातम्यांसारखा सपाट हवा असतो.

लोकांना माहीत नसलेली दुसरी गोष्ट: को-ड्रायव्हर बाहेर फारसं बघतच नाही. वरच्या दर्जाच्या गाड्यांत त्याची सीट इतकी खाली आणि मागे असते (वजन खाली राहावं म्हणून) की काचेतून नीट दिसत पण नाही. डोकं वहीत. मग आपण कुठे आहोत हे कसं कळतं? बुडाने. गाडी कुठल्या बाजूला झुकली, कधी हलकी झाली, कधी ब्रेक लागला, त्यावरून वहीतलं बोट पुढे सरकतं. "उंचवटा" वाचला आणि पोटात गोळा आला, म्हणजे जागेवर आहोत. मध्ये मध्ये एक चोरटी नजर वर. एखादी ओळ निसटली तर गप्प राहायचं नाही, "थांब, शोधतोय" एवढं तरी सांगायचं, म्हणजे चालक डोळ्यांवर चालवायला लागतो. चुकीची नोट आत्मविश्वासाने वाचणं हे शांततेपेक्षा वाईट.

आणि या सगळ्याबरोबर टाइम कंट्रोलवर (वेळ नोंदवायच्या ठाण्यावर) मिनिट न चुकवता पोचणं, तिथे वेळ लिहून घ्यायचं टाइम कार्ड, सर्व्हिसचा म्हणजे गाडी दुरुस्तीचा वेळ, पंक्चर झालं तर जॅक. करंडक फुकट देत नाहीत.

---

केतकी_म

वा, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

मला एक कळत नाही. रेकीला वेग कमी. मग माथ्यावरून १८० ला पाय न उचलता जाता येईल, हे साठच्या वेगात कसं ठरवतात? साठला तर सगळीच वळणं सोपी वाटणार.

---

गारगोटी

हाच गाभा आहे ताई. चांगल्या आणि मोठ्या चालकातला फरक मला वाटतं इथेच पडतो.

वेगवान रस्त्यावर "सहा" हा एक आकडा पुरत नाही. त्याच्या वर "फ्लॅट" येतो, म्हणजे पाय अजिबात उचलायचा नाही. मग सहाला उणे-अधिक जोडतात. कुणी "फ्लॅट बहुतेक" असं काही लिहितं, म्हणजे तेव्हाची पकड बघून ठरव. हळू वळणात तीन लिहायच्या ऐवजी चार लिहिलं तर गाडी जरा बाहेर जाते. इथे सहा उणेच्या जागी फ्लॅट लिहिलं तर जंगलात. आणि फ्लॅट लिहायच्या जागी भीतीपोटी सहा उणे लिहिलं तर प्रत्येक ठिकाणी अर्धा सेकंद जातो. आउनिनपोह्यासारख्या ठिकाणी असे माथे एकामागून एक असतात, हिशोब तुम्हीच करा.

ठरवतात कसं, तर रस्ता कसा दिसतो यापेक्षा कसा असणार यावरून. माथ्यावर गाडी उभी करून पलीकडे बघता येतं, झाडांच्या ओळीवरून आणि विजेच्या खांबांवरून वळणाचा अंदाज येतो. पण खांबांचा भरवसा धरायचा नाही, ते सरळ जातात आणि रस्ता वळतो. बाकीचं मागच्या वर्षांची वही आणि संध्याकाळी हॉटेलवर रेकीचा व्हिडिओ परत परत बघून. शंकेखोरांचा व्हिडिओचा मुद्दा इथे बसतो: व्हिडिओ वहीच्या ऐवजी नाही, वही सुधारायला.

---

सदाशिवपेठी_शंका

बरं, मान्य. पण मग २०२४ च्या फिनलंडचं काय? रोवानपेरा आरामात पुढे होता, शेवटून दुसऱ्या स्टेजवर गाडी उलटली आणि फ्रान्सच्या सेबास्टियन ओजिएला रॅली मिळाली. घरचा रस्ता, घरचा माणूस, उत्तम वही.

---

लेकाकाठी

तो दिवस विसरायला बघतोय आम्ही इकडे. रस्त्यावर ओढून आलेल्या दगडाला चाक लागलं होतं. वही रस्त्याचा आकार सांगते. त्यावर आज सकाळी काय येऊन पडलंय ते सांगत नाही. पुढच्या गाड्या आतली कड कापत जातात आणि मातीतले दगड उपटून रस्त्यात आणतात. त्याच स्टेजवर गाड्या दुसऱ्यांदा धावतात तेव्हा खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात. "कापू नको" ही नोट स्वतःच्या गाडीसाठी असते, पुढच्याने कापलं तर ती काय करणार?

डांबरी रॅलींत यावर उपाय आहे. मॉन्टे कार्लोला डोंगरात सकाळी कुठल्या वळणावर बर्फ आहे आणि कुठे ओलं, हे तासातासाला बदलतं. म्हणून तिथे प्रत्येक मोठ्या चालकाची एक वेगळी जोडी स्टेज बंद व्हायच्या आधी त्याच वहीची प्रत घेऊन जाते आणि बर्फाच्या खुणा भरून आणते. या कामाला बरेचदा माजी चालक असतात, कारण "हे निसरडं आहे" हे चालकाच्या भाषेत कळवावं लागतं. मातीच्या रॅलीत ही सोय नाही.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २०२५ ला, रोवानपेराने ती घरची रॅली पहिल्यांदा जिंकली. वर सरासरीचा विक्रम लिहिलाय तो तोच.

---

जुनी_फियाट

वर मायकेल पार्कचं नाव आलं म्हणून लिहितो. सगळे त्याला बीफ म्हणायचे. मार्टिनबरोबर त्याने २००३ ची फिनलंड रॅली जिंकली. सप्टेंबर २००५ मध्ये वेल्सच्या रॅलीत त्यांची पेजो गाडी झाडावर आदळली, पार्कच्या बाजूने. तो जागीच गेला. मार्टिनला फारसं लागलं नव्हतं, पण त्यानंतर जागतिक मालिकेत पूर्णवेळ चालक म्हणून तो परत आलाच नाही.

'नुसता वाचतो' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. धोका दोघांना सारखा आणि ब्रेकचं पेडल एकाकडेच.

---

केतकी_म

:(

जरा वेगळं विचारते. जोडी बदलली की वही नव्याने शिकावी लागत असेल ना? भाषा वेगळी असेल तर?

---

गारगोटी

वही चालकाची, म्हणून नवीन को-ड्रायव्हरने चालकाची भाषा शिकायची असा रिवाज. थिएरी नविलने २०२१ च्या मॉन्टे कार्लोच्या अगदी तोंडावर जुना साथीदार निकोला जिल्सूलला सोडलं आणि मार्टाइन व्हिडेगा आला. नविलच्या नोट्स फ्रेंच, व्हिडेगा बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागातला. त्या घाईतही ते तिसरे आले. २०२४ ला दोघं जगज्जेते.

भाषेचं म्हणाल तर चालकाची मातृभाषाच हवी असं नाही. फिनलंडचा आरी वातानेन १९८१ मध्ये जगज्जेता झाला तेव्हा शेजारी ब्रिटिश डेव्हिड रिचर्ड्स होता. जपानचा ताकामोतो कात्सुता इंग्रजीतून नोट्स ऐकतो. आपला गौरव गिल २०१३ मध्ये आशिया-पॅसिफिक अजिंक्य झाला तेव्हा शेजारी ऑस्ट्रेलियाचा ग्लेन मॅकनील होता, देशात त्याच्याबरोबर बरेचदा केरळचा मुसा शरीफ. सगळं इंग्रजीत. आकडे, डावं-उजवं आणि पंधरा-वीस शब्द, भाषा एवढीच लागते. जुळावी लागते ती लय. ती महिनोन्‌महिने घेते किंवा पहिल्या दिवशी जुळते.

---

पिंपळपान

एवढ्या वेगाला आंतरराष्ट्रीय संघटना काही मर्यादा घालत नाही का?

---

लेकाकाठी

घालते की. स्टेजची सरासरी १३० च्या वर गेली की भुवया उंचावतात. आउनिनपोह्या यामुळेच कधी तुकड्यांत धावली, कधी काही वर्षं यादीतच नव्हती, २०२४ ला परत आली. २०१६ च्या विक्रमानंतर २०१७ मध्ये रस्त्यात ठिकठिकाणी गवताच्या गठ्ठ्यांच्या शिकेन टाकल्या, म्हणजे गाडी मुद्दाम हळू करून नागमोडी न्यायची. चालक चिडले, प्रेक्षकही. माझ्या मते चिडणं बरोबर होतं. दोन शिकेनच्या मधला रस्ता तितकाच वेगवान राहतो, सरासरी तेवढी कागदावर खाली येते. नैसर्गिक आखूड वळणांचे रस्ते मध्ये गुंफणं हा खरा उपाय, आणि पुढे आयोजक बरेचसे तिकडेच वळले.

---

नाशिकचा_नॅव्ही

मी उलट मताचा. शिकेन कुरूप दिसते, पण झाडाला विचारून बघा. आपल्याकडच्या रस्त्यांवर तर ती हवीच, आपली झाडं रस्त्याच्या जास्त जवळ आहेत.

---

चिंचवडी_निखिल

शेवटचा बाळबोध प्रश्न. उडीच्या मध्येच पान संपलं तर? आणि हातमोजे घालून पानं कशी उलटतात?

---

नाशिकचा_नॅव्ही

हातमोजे चालकाला सक्तीचे, को-ड्रायव्हरला ऐच्छिक. मी घालत नाही.

पान कुठे संपवायचं ते रात्री वही फेअर करताना ठरवायचं. पानाची शेवटची ओळ शक्यतो मोठ्या सरळ रस्त्यावर आणायची, म्हणजे उलटायला दोन सेकंद मिळतात. त्यासाठी अर्धं पान कोरं सोडावं लागलं तरी सोडायचं. माथा आणि त्याच्या पलीकडचं वळण दोन पानांवर कधीच तोडायचं नाही. वही वरून स्पायरलची, प्रत्येक पानाचा खालचा कोपरा थोडा दुमडलेला, म्हणजे अंगठ्याला एकच पान लागतं. दोन पानं एकदम उलटली गेली तर कळावं म्हणून मी प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागच्या पानाची शेवटची नोट बारीक अक्षरात परत लिहितो. ती वाचायची नाही, नुसती बघायची.